चाळीसच्या वर

हर्षदाने आवाज चढवला की श्रीरंग आधी मनगटावरच्या घड्याळाकडे बघायचा आणि मग तिच्याकडे.

"अठ्ठावीस," तो म्हणाला. मग जरा थांबून, "सकाळी पंचवीस होता."

"मी तुला आकडा विचारला नाही. मी विचारलं, तू आमच्या साहेबांना फोन का केलास?"

"अगं, पावसाळ्याआधीची तपासणी म्हणजे त्या एवढ्या पायऱ्या उतरणं आलं. तुला झेपणार नाही, इतकंच सांगितलं."

"माझ्या साहेबांना. माझ्या कामाबद्दल. मला न विचारता."

"हर्षा, तू आत्ता चिडलेली आहेस. जरा खाली आला की बोलू."

खाली आला की, म्हणजे आकडा. हर्षदाच्या हातात पोह्यांची बशी होती. ती भिंतीवर आपटावी असं तिला फार मनापासून वाटलं. पण आपटली असती तर आकडा अठ्ठावीस असो की आठ, तिचं म्हणणं तिथेच संपलं असतं. तिने बशी टेबलावर ठेवली, इतकी हळू की तिलाच स्वतःची कीव आली.

हर्षदा तारळेकर पाटबंधारे खात्यात उपअभियंता होती. घर कोल्हापुरात, पण जीव अडकलेला घोटणे गावच्या धरणात. मोठ्या धरणाच्या भिंतीच्या पोटात, अगदी तळाशी, एक अरुंद बोगदा ठेवलेला असतो. भिंतीत पाणी किती मुरतंय, कुठून पाझरतंय, कुठे दाब वाढतोय हे तिथे उतरून बघायचं असतं. आता तिथे सगळीकडे यंत्रं बसली होती आणि आकडे आपोआप कचेरीत येत होते, तरी हर्षदा बॅटरी घेऊन महिन्यातून एकदा उतरायचीच. यंत्र बसवलं म्हणून भिंतीला हात लावायचा नाही असं कुठे आहे, असं ती नव्या पोरांना सांगायची.

मागच्या दिवाळीत तिचं डोकं दुखायला लागलं. आधी ते चष्म्यामुळे होतं, मग सायनसमुळे, मग 'या वयात बायकांचं होतं असं' म्हणून, मग कामाच्या ताणामुळे. ताप यायचा तोही अंगात मुरलेला, थर्मामीटरला जेमतेम दिसेल असा. संक्रांतीपर्यंत तिला उजेड सोसेना, मान वाकेना. एका सकाळी ती स्वतःच्याच जिन्यात उभी राहून आपल्याला वर जायचं होतं की खाली याचा विचार करत बसली, तेव्हा कुठे कुणीतरी तिच्या पाठीच्या कण्यातलं पाणी काढून तपासलं. रोगाला नाव मिळालं: मेंदूच्या आवरणाचा जुनाट दाह. नाव मिळालं, कारण मात्र मिळालं नाही.

मेंदूवर पातळ पडद्यांचं आवरण असतं आणि त्यात नितळ पाणी खेळत असतं. तेच पाणी खाली कण्यापर्यंत येतं. एखादा आडदांड जंतू तिथे घुसला तर माणूस दोन दिवसांत आडवा होतो आणि निदानही लवकर होतं. पण काही जंतू, काही बुरश्या, कधी शरीराचीच बिनसलेली प्रतिकारशक्ती, ही मंडळी घाईत नसतात. ती महिनोन्महिने पडद्यांना सूज आणत राहतात. कारणं पन्नास आणि लक्षणं सगळ्यांची एकसारखी. हर्षदाच्या पाण्यात जे काही जनुकीय तुकडे तरंगत होते ते सगळे वाचून काढणारं यंत्र इस्पितळात होतं. त्याने दोनदा वाचलं आणि दोनदा 'काही आढळलं नाही' म्हणून सांगितलं. यंत्राचा दोष नव्हता. पाण्यात जे उतरलंय तेवढंच ते वाचणार. जंतू मेंदूच्या बुडाशी पडद्याला चिकटून बसला असेल आणि पाण्यात येतच नसेल, तर बिचारं काय करणार? धरणाच्या माथ्यावरून तांब्याभर पाणी काढून तळाची भेग सापडत नाही, तसंच ते.

आपल्याकडे अशा वेळी पहिला संशय टीबीवर जातो, आणि वाट बघण्यात जिवाला धोका असतो. म्हणून टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या, जोडीला सूज उतरवायला स्टेरॉईड. आणि त्याच आठवड्यात तिच्या कमरेत बटण बसलं.

बटण म्हणजे चिंचोक्याएवढी एक चकती, कातडीच्या खाली. तिच्यापासून केसासारखी बारीक नळी मणक्यांमधून आत पाण्यापर्यंत गेलेली. पाण्यातल्या पांढऱ्या पेशी, प्रथिनं, साखर हे सगळं ती सतत मोजायची आणि त्यावरून शून्य ते शंभरमधला एक आकडा काढून डॉक्टरांना पाठवायची. वरचेवर पाठीत सुई खुपसायला नको. सोय चांगलीच होती. पण मग कुणीतरी हजारो रुग्णांचे आकडे त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्यांशी ताडून पाहिले, आणि चाळीसच्या वर गेल्यावर माणसाचे निर्णय सरासरीने भरवशाचे राहत नाहीत असं निघालं. त्यावरून नियम झाला. 'सरासरीने' हा शब्द नियमात उतरताना मधेच कुठेतरी गळाला. चाळीसच्या वर असलेल्या माणसाची संमती इस्पितळात चालेनाशी झाली. हळूहळू घरातही चालेनाशी झाली. घरातली मर्यादा तर चाळीसचीही नव्हती. ज्याला जिथे सोयीची वाटेल तिथे ती होती.

आकडा डॉक्टरांखेरीज श्रीरंगच्या घड्याळावर दिसायचा आणि हैदराबादला असलेल्या लेकीच्या, सानिकाच्या, फोनवर. औषधं सुरू झाल्यावर तो बासष्टवरून चोविसावर आला तेव्हा सानिकाने तिकडे ऑफिसात पेढे वाटले. त्यानंतर मायलेकींचं बोलणं असं व्हायचं:

"आई, आज बावीस! मस्त ना?"

"डाव्या कानाने कमी ऐकू येतंय गं. आणि कधीकधी एकाच्या जागी दोन दिसतात."

"पण बावीस आहे ना. टेन्शन घेऊ नकोस. टेन्शननेही होतं तसं."

"सानिका, मला काय होतंय ते मी सांगतेय."

"हो आई, पण बावीस आहे."

हर्षदा फोन ठेवायची आणि उशीत तोंड खुपसून एक सणसणीत शिवी हासडायची. स्टेरॉईडने तोंड सुजून गोल झालं होतं, झोप उडाली होती, भूक अशी लागायची की तिची तिलाच लाज वाटायची. टीबीच्या गोळ्यांनी लघवी केशरी झाली होती. आणि सगळे तिचं अभिनंदन करत होते.

डॉक्टर निगवेकर वयाने लहान होत्या, सानिकापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. त्यांच्या समोरच्या पडद्यावर हर्षदाची उतरती रेघ होती.

"रेघ चांगली आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही चांगल्या नाही आहात. मला दिसतंय ते."

हर्षदाला एवढ्यानेच रडू आलं. कित्येक महिन्यांत कुणीतरी रेघ आणि ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं म्हणालं होतं.

"डॉक्टर, आमच्याकडे एकदा असं झालं होतं," ती म्हणाली. "एका ठिकाणचा पाझर एकदम कमी झाला. सगळे खूश. मी खाली जाऊन बघितलं तर पाणी बाहेर काढणारी नळीच गाळाने तुंबली होती. पाणी आतच साठत होतं. आकडा कमी, आणि दाब वाढलेला."

"स्टेरॉईड तेच करत असेल," निगवेकर हळूच म्हणाल्या. "सूज दाबतंय. सूज आणणारा आत तसाच असेल, किंवा वाढत असेल." त्यांनी पेन बाजूला ठेवलं. "ती खाली जायची जागा कशी असते? म्हणजे तिथे काय काय असतं?"

"काय असणार? अंधार, ओल, शेवाळ. वटवाघळं. त्यांच्या लेंड्यांचा थर असतो जुन्या भागात, तो खरवडल्याशिवाय मापं दिसत नाहीत."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकल्या.

"कोण खरवडतं?"

"कोण म्हणजे? जो खाली असेल तो. मी."

"तोंडाला काही न बांधता?"

"रुमाल," हर्षदा म्हणाली.

वटवाघळांच्या विष्ठेत एक बुरशी वाढते, निगवेकरांनी सांगितलं. हिस्टोप्लाझ्मा. धुळीबरोबर छातीत जाते, बहुतेकांना साधा खोकला होऊन विषय संपतो. पण क्वचित ती रक्तातून मेंदूच्या पडद्यांपर्यंत पोचते आणि तिथे ठाण मांडते. यंत्राला ती सहसा सापडत नाही. इस्पितळाच्या प्रश्नावलीत गुरं होती, कच्चं दूध होतं, कबुतरं होती, परदेश प्रवास होता, वटवाघळं नव्हती. आणि स्वतः डॉक्टरांनीही विचारलं नव्हतं, हे त्यांनी लपवलं नाही.

पाण्याची बुरशीसाठी वेगळी तपासणी झाली. उत्तर आलं, 'संशयास्पद.' धड हो नाही, धड नाही नाही. बुरशीवरचं औषध मूत्रपिंडांना झोडपून काढणारं. संशयावर ते सुरू करायला इस्पितळाचं उपचार-मंडळ तयार होईना. मंडळाचं म्हणणं, चालू औषधांनी आकडा आटोक्यात आहे, मग बदल कशासाठी?

"पडद्याचा तुकडा काढून बघावा लागेल," निगवेकर म्हणाल्या. "कानामागे कवटीला छोटं छिद्र पाडून. पण कुठला तुकडा? स्टेरॉईड चालू असताना एमआरआयमध्ये सगळंच शांत दिसतंय. ते कमी करत थांबवलं, तर जिथे खरी आग आहे ती जागा उजळेल."

"मग थांबवू."

"थांबवलं की आकडा चाळीसच्या वर जाणार. मग तुमची संमती चालणार नाही. सरांची, म्हणजे तुमच्या मिस्टरांची लागेल."

"मी आत्ताच देते ना. आत्ता सव्वीस आहे."

"संमती शस्त्रक्रियेच्या दिवशीचीच लागते. आणि आज, सव्वीसवर, मंडळ शस्त्रक्रियेला परवानगी देत नाही. रोग आटोक्यात आहे म्हणून."

हर्षदाने ते बोटांवर मांडून बघितलं.

"म्हणजे चाळीसच्या खाली असताना माझ्या कवटीला हात लावायचा नाही, आणि चाळीसच्या वर असताना मी माझ्या कवटीबद्दल बोलायचं नाही."

"हो," डॉक्टर म्हणाल्या. त्यांचा चेहरा कसनुसा झाला होता. "मी दोनदा लिहून कळवलंय वर."

"कुणी केला हा नियम?"

"रुग्णांच्या भल्यासाठी झालाय तो, मॅडम."

हर्षदा हसली, आणि हसता हसता तिला ठसका लागला.

श्रीरंगने साफ नाही म्हणून सांगितलं. तो कॉलेजात वाणिज्य शिकवायचा, कधी आवाज चढवायचा नाही आणि एकदा नाही म्हटलं की त्याच्यावर कुठलाही मुद्दा चालायचा नाही. औषध लागू पडतंय, आकडा खाली आहे, आणि चांगल्या चाललेल्या माणसाचं औषध बंद करून त्याचं डोकं फोडायचं? सानिका फोनवरून बापाच्या बाजूने होती. "आई, तू आता ठाम बोलतेयस, पण मागच्या आठवड्यात काय झालं ते आठव."

मागच्या आठवड्यात हर्षदाने कचेरीत कळवलं होतं की एका मापाचा आकडा चुकीचा आहे, यंत्र ताबडतोब बदला. लांबलचक, कडक शब्दांत. दुसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं की ती दुसऱ्याच धरणाचा तक्ता बघत होती. हाताखालच्या इंजिनिअरने 'काही हरकत नाही मॅडम' असं उत्तर पाठवलं होतं, आणि त्या सौजन्याने ती आतून पार खचली होती. त्या दिवशी आकडा तेवीस होता.

म्हणजे आकड्यावर विश्वास नाही, आणि स्वतःवर तरी कुठे होता? आपण चिडतो ते खरंच चिडण्यासारखं असतं म्हणून, की पडद्याला सूज आहे म्हणून? हा प्रश्न तिला सर्वांत जास्त छळायचा. आणि तो कुणाला बोलून दाखवायचीही सोय नव्हती, कारण बोलली असती तर सगळे म्हणाले असते, बघ, तूच म्हणतेस.

पुढच्या तपासणीच्या दिवशी दोघं इस्पितळाच्या कॅन्टीनमध्ये बसले होते. इडल्या गार होत होत्या. श्रीरंगने घड्याळाकडे बघितलं आणि हर्षदाचा सगळा संयम सुटला.

"बघू नकोस त्याच्याकडे! माझ्याकडे बघ. शाळेत चार वर्षं एका वर्गात होतो आपण, तेव्हा कुठलं घड्याळ बघून बोलायचास माझ्याशी? कसली भीती वाटते तुला? मी मरेन याची?"

"नाही," श्रीरंग म्हणाला.

"मग?"

तो बराच वेळ इडली मोडत बसला. खात नव्हता, नुसतीच मोडत होता.

"संक्रांतीनंतर मी स्कूटरवरून पडलो होतो. आठवतं? ओठ फाटला होता."

"हो. ड्रेनेजच्या झाकणावरून घसरलास."

"मी स्कूटरवरून पडलो नव्हतो." त्याने वर बघितलं. "तू घरातून निघून गेली होतीस, भर दुपारी. शोधत शोधत एसटी स्टँडवर आलो तर तू एका कंडक्टरला सांगत होतीस की मला शाळेत सोडा, उशीर झालाय. मी तुझा हात धरला. तू किंचाळलीस. म्हणालीस, हा माणूस कोण आहे, मला ओढतोय. मग लोक जमले. लोकांचं काय चुकलं? त्यांनी बाईचंच ऐकलं. दोन-चार ठोसे बसले. तू बघत उभी होतीस. तुला बरं वाटलं होतं, हर्षा. तुझ्या चेहऱ्यावर दिसत होतं. सुटले एकदाची, असं."

कॅन्टीनमध्ये कुणीतरी मोठ्याने चहा मागवत होतं.

"तेव्हा बटण बसलेलं नव्हतं," श्रीरंग म्हणाला. "पाचव्या दिवशी बसवलं तर बासष्ट आलं. मला तेव्हा वाटलं, चला, निदान यापुढे आधी कळेल तरी. मी त्या आकड्यासाठी बघत नाही गं. तू मला ओळखतेस का ते बघतो."

कित्येक महिन्यांचा राग असा एका क्षणात कुठे जातो? तो गेला नाही. पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलं, आणि दोघांना मिळून जागा अपुरी पडू लागली. हर्षदाने टेबलावरून हात पुढे केला आणि त्याच्या ओठावर, जिथे अजून बारीकशी खूण होती, तिथे बोट टेकवलं.

"मला सांगायला हवं होतंस."

"कशाला? तुला काय करता आलं असतं?"

"चिडता आलं असतं. लोकांवर. निदान माझी चीड तरी योग्य ठिकाणी गेली असती."

श्रीरंग हसला, मग त्याचे डोळे भरून आले. तो टिश्यू शोधू लागला.

"ऐक," हर्षदा म्हणाली. "हे स्टेरॉईड चालू राहिलं तर मी सावकाश बहिरी होईन, मग आंधळी होईन, आणि तुझ्या घड्याळावर बावीस दिसत राहील. बंद केलं तर आकडा वर जाईल, आणि कदाचित मी परत तुला ओळखणार नाही. पण जागा सापडेल. मला हे हवंय. मी आत्ता पूर्ण शुद्धीत सांगतेय."

"आणि वर गेल्यावर तू वेगळं सांगितलंस तर? ती गोळी दे म्हणून पाया पडलीस तर? तेव्हा मी काय करू? तेव्हाही तूच बोलत असशील ना?"

हा प्रश्न तिने स्वतःला विचारला नव्हता. इतके दिवस ती एकच गोष्ट मागत होती, माझं ऐका. आता त्या मागणीच्या नेमकं उलट बोलायची वेळ तिच्यावर आली होती, आणि ते बोलणारी तीच होती.

"तेव्हा माझं ऐकू नकोस," ती म्हणाली. तिला स्वतःचाच संताप आला. "कितीही बोलले, कसंही बोलले तरी. सही कर आणि ऐकू नकोस."

निगवेकरांनी तिला दाखल करून घेऊन स्टेरॉईड पायरीपायरीने उतरवलं. पहिले काही दिवस काही झालं नाही. मग दुखणं आलं. डोक्याच्या मागून सुरू होऊन डोळ्यांच्या खाचांपर्यंत, जणू कवटीच्या आत कुणीतरी ओला दोर पिळतंय. पडदे ओढले, दिवे मालवले, तरी दाराच्या फटीतली उजेडाची चीर सुरीसारखी टोचायची. आकडा पस्तीस झाला, मग चव्वेचाळीस. इथपर्यंतचं तिला नीट आठवत होतं. परिचारिकेने 'मॅडम, आता सगळं सरांना विचारून हां' असं म्हटलेलंही आठवत होतं, आणि त्या 'हां'ची चीडही. त्यापुढे तुकडे होते. ओकारीचा आंबट वास. एमआरआयच्या यंत्राची ठकठक. कुणाचा तरी खरखरीत हात. मग तेही नाही.

शुद्धीवर आली तेव्हा कानामागे जाड पट्टी होती आणि निगवेकर पलंगाशी उभ्या होत्या. त्या हसत नव्हत्या, पण त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता.

"सापडली," त्या म्हणाल्या. "तुकड्यातच दिसली. मेंदूच्या बुडाशी, डाव्या कानाच्या नसेभोवती गोळा होऊन बसली होती. बुरशीच आहे."

हर्षदाला आनंद झाला नाही. मेंदूला बुरशी लागल्याचं ऐकून आनंद व्हायला हवा होता की नाही, तेही तिला कळेना. एवढंच वाटलं, की गेले कित्येक महिने आपण ज्याच्यावर चिडत होतो त्याला आता नाव आहे.

मग खरं औषध सुरू झालं, अँफोटेरिसिन. शिरेतून थेंब थेंब जायचं, आणि रोज ते चढलं की तासाभरात अशी थंडी भरायची की दातांवर दात आपटायचे. मूत्रपिंडं कुरकुरली, पोटॅशियम घसरलं, दोनदा औषध थांबवून परत सुरू करावं लागलं. टीबीच्या गोळ्या बंद झाल्या. काही आठवड्यांनी इट्राकोनाझोलच्या गोळ्या दिल्या आणि घरी सोडलं. गोळ्या निदान वर्षभर, कदाचित जास्त. दुखणं गेलं, दोन दोन दिसायचं थांबलं. डावा कान मात्र परत आला नाही. "त्या नसेचं नुकसान झालंय," निगवेकर म्हणाल्या. "लवकर कळलं असतं तर…" हर्षदाने हात वर करून त्यांना थांबवलं. त्या वाक्याचं पुढे काय करायचं ते तिला माहीत नव्हतं, आणि डॉक्टरांनाही नव्हतं.

बटण काढायचं नव्हतं. रोग उलटू शकतो, लक्ष ठेवायला हवं. हर्षदाने त्याला हरकत घेतली नाही. फक्त आकडा यापुढे डॉक्टरांकडेच जाईल, घरी कुणाकडे जाणार नाही, असं ठरवून घेतलं. सानिका दोन दिवस रुसली. तिसऱ्या दिवशी तिचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ती म्हणाली, "आई, मग तुला कसं वाटतंय?" आणि आईने सगळं सांगेपर्यंत मधे एकदाही बोलली नाही.

गोष्टी अशा एकदम सुधारत नाहीत, हे खरं. श्रीरंग आता दिवसातून दहादा विचारू लागला. दुखतंय का, चक्कर येते का, मी कोण आहे. शेवटचा प्रश्न तो थट्टेने विचारायचा, पण उत्तर ऐकेपर्यंत श्वास धरून असायचा. हर्षदा कावायची. "तू श्रीरंग आहेस, आणि मला आंघोळीला जाऊ दे!"

एका रविवारी दुपारी दोघं गच्चीत पापड वाळत घालत होते. ऊन चांगलं होतं. आणि हर्षदाला त्या उन्हाचा त्रास होत नव्हता, याचं तिला मधूनमधून नवल वाटत होतं. श्रीरंग तिच्या उजव्या बाजूला बसायला शिकला होता.

"त्या दिवसांत मी काय बोलले रे?" तिने विचारलं. "वर असताना."

"विशेष काही नाही."

"गोळी मागितली?"

"मागितलीस."

"शिव्या दिल्या?"

"दिल्यास. दोन नव्या होत्या."

"आणि?"

श्रीरंगने एक पापड उलटा केला, परत सुलटा केला.

"श्रीरंग, मला चीड आणू नकोस. सांग."

"एक दिवस," तो म्हणाला, "तू जरा शांत होतीस. मी खिडकीपाशी बसलो होतो. तू विचारलंस, तुम्ही इथले का? मी हो म्हटलं. मग तू मला नवऱ्याबद्दल सांगायला लागलीस."

"कुणाच्या?"

"तुझ्या. दुपारभर सांगत होतीस. तो चांगला आहे पण परस्पर फोन करतो. तोंडावर भांडत नाही, नुसता गप्प बसतो आणि त्यालाच समजूतदारपणा म्हणतो. मला बरं नाही म्हणून मी नाहीच, असं वागतो. घरात असूनही त्याची आठवण येते, म्हणालीस." त्याने पुढचा पापड पसरला. "एकही तक्रार खोटी नव्हती."

हर्षदाच्या हातातला पापड तसाच राहिला.

"मग तू काय केलंस?"

"काय करणार? ऐकून घेतलं. शेवटी तू म्हणालीस, तुम्ही भला माणूस दिसता, तो आला तर त्याला सांगाल का एवढं? मी म्हटलं, सांगतो की. भेटले म्हणजे नक्की सांगतो."

खालच्या गल्लीत भाजीवाला ओरडत गेला. हर्षदाने उजवा कान श्रीरंगकडे केला.

"आणि सांगितलंस त्याला?"

"रोज सांगतोय," श्रीरंग म्हणाला.